टेक कंपनीची बातमी आली की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कसं शोधायचं

एखादी मोठी टेक बातमी येते, अमुक कंपनीने इतके हजार लोक काढले, तमुक कंपनीने सबस्क्रिप्शन महाग केलं, कोणीतरी कोणालातरी इतक्या अब्जांना विकत घेतलं, आणि पुढच्या तासाभरात सगळीकडे मतं सुरू होतात. सीईओ लालची आहे, एआयने नोकऱ्या खाल्ल्या, कंपनी बुडणार. यातलं एखादं खरंही असतं कधीकधी. पण अशा निर्णयामागचं खरं कारण बहुतेक वेळा कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि तेही फुकट वाचता येतं, फक्त तिथे जायची सवय आपल्याला नसते. मी गेली काही वर्षं हे नियमित करतोय, साधारण अर्धा तास लागतो एका बातमीला. मी अकाउंटंट नाही, शेअर मार्केटवाला पण नाही. त्यामुळे हे कोणालाही जमेल असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी एक करायचं, निर्णय आणि कारण वेगळं करायचं. निर्णय खरा असतो (लोक काढले, भाव वाढवला), पण प्रेस नोटमधलं कारण कोणीतरी बसून, वकिलांना दाखवून लिहिलेलं असतं. ते खोटंच असतं असं नाही, पण सोयीचं नक्कीच असतं. म्हणून निर्णय कागदावर लिहून काढा, कारणाची जागा रिकामी ठेवा आणि मग कामाला लागा.

लेऑफचंच घ्या. जानेवारी २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने अमेझॉन १८,०००, मायक्रोसॉफ्ट १०,००० आणि गूगल १२,००० असे आकडे आले, त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० लोक काढले होते. असा आकडा आला की पहिला प्रश्न, आधी किती होते? आणि त्याच्याही आधी किती होते? मेटामध्ये २०१९ च्या शेवटी जवळपास ४५,००० लोक होते आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ८७,००० च्या वर, म्हणजे तीन वर्षांच्या आत जवळजवळ दुप्पट. ११,००० काढल्यावरही माणसं २०२१ च्या शेवटापेक्षा जास्तच उरत होती. अल्फाबेट म्हणजे गूगलची मूळ कंपनी, तिचे २०१९ मध्ये सुमारे १,१९,००० होते ते २०२२ च्या शेवटी १,९०,००० झाले. ज्याची नोकरी गेली त्याचं दुःख या हिशोबाने कमी होत नाही, ते मी अजिबात म्हणत नाहीये. पण "कंपनी आकसतेय" आणि "कंपनी भसाभस भरती करून मग मागे सरली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातून पुढचे अंदाज पण वेगळे निघतात.

मग भरती इतकी का केली आणि नेमकी तेव्हाच मागे का सरली? एक कारण कोविडमधली मागणी, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं व्याजदर, आणि हे लोक ऐकतात पण त्याचा हिशोब करून बघत नाहीत म्हणून इथे करूया. दहा वर्षांनी मिळणारे १०० डॉलर आजच्या घडीला किती किमतीचे? व्याज १ टक्का धरलं तर साधारण ९० डॉलर. ५ टक्के धरलं तर ६१. टेक कंपनीचं सगळं गणित "आज खर्च, पैसा नंतर" असं असतं, त्यामुळे तोच प्रोजेक्ट, तीच टीम, तेच उद्याचं उत्पन्न, पण आजची किंमत एक तृतीयांशाने खाली. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून जवळपास शून्यावर असलेला दर वाढवत नेला आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर गेला. आता लेऑफच्या तारखा याच्या शेजारी ठेवून बघा.

आणि तिसरं कारण ज्याबद्दल बातम्यांमध्ये फार कमी आलं, ते म्हणजे टॅक्स. अमेरिकेत २०१७ च्या कायद्यात एक कलम होतं, सेक्शन १७४ मधला बदल, तो लागू झाला २०२२ पासून. आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंजिनिअरचा पगार त्याच वर्षी पूर्ण खर्च म्हणून दाखवता यायचा, नव्या नियमाने तो ५ वर्षांत पसरायचा आणि काम अमेरिकेबाहेर होत असेल तर १५ वर्षांत. समजा एका छोट्या कंपनीची वर्षाची कमाई १० लाख डॉलर आणि इंजिनिअरांचे पगारही १० लाख डॉलर. खिशात शून्य. पण पहिल्या वर्षी खर्च म्हणून फक्त १० टक्के मान्य (पहिलं वर्ष अर्धंच धरतात), म्हणजे कागदोपत्री ९ लाख नफा आणि त्यावर २१ टक्क्यांनी १ लाख ८९ हजार डॉलर टॅक्स, जो भरायला पैसेच नाहीत. मोठ्या कंपन्यांना हे झेपलं, लहान कंपन्यांची मात्र दमछाक झाली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कामासाठी जुनी सवलत परत आली, बाहेरच्या कामाला १५ वर्षं तशीच आहेत. म्हणून ज्या देशात टीम बसलीय त्यावरून कंपनीचा टॅक्स बदलतो हे डोक्यात ठेवा, पुढच्या वेळी "टीम इकडून तिकडे हलवली" अशी बातमी वाचताना ते लागेल.

आता कुठे बघायचं ते. अमेरिकन शेअर बाजारात लिस्ट असलेल्या प्रत्येक कंपनीला तिथल्या एसईसी या नियामक संस्थेकडे कागद भरावे लागतात आणि ते सगळे एडगर नावाच्या साइटवर फुकट असतात, लॉगिन पण लागत नाही. वर्षाचा रिपोर्ट म्हणजे टेन-के, तिमाहीचा टेन-क्यू, आणि मध्येच काही मोठं घडलं तर एट-के. बाहेरच्या देशातल्या बऱ्याच कंपन्या वर्षाला ट्वेंटी-एफ भरतात. टेन-के शे-दीडशे पानांचा सहज असतो, घाबरायचं नाही, आपल्याला सगळा वाचायचाच नाहीये. त्यात "सेगमेंट" हा शब्द सर्च करा.

सेगमेंट म्हणजे धंद्याचे भाग, आणि कुठल्या भागात उलाढाल किती, नफा किती हे तिथे टेबलात दिलेलं असतं. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं पान हेच. अमेझॉनचं २०२४ चं बघा. एकूण विक्री ६३८ अब्ज डॉलर, त्यात क्लाउडचा धंदा म्हणजे एडब्ल्यूएस १०७.६ अब्ज, साधारण १७ टक्के. पण ऑपरेटिंग नफा? एकूण ६८.६ अब्ज आणि त्यातले ३९.८ अब्ज एकट्या एडब्ल्यूएसचे, म्हणजे ५८ टक्के. आपण जिला दुकान समजतो त्या कंपनीचा निम्म्याहून जास्त नफा सर्व्हर भाड्याने देऊन येतो. हे टेबल एकदा पाहिलं की अमेझॉनची कुठलीही बातमी वेगळी दिसायला लागते. आणि गंमत नाही, एप्रिल २०१५ पर्यंत अमेझॉन हा आकडा वेगळा देतच नव्हती, तोपर्यंत सगळे बाहेरून अंदाज बांधत होते.

सेगमेंट बघितल्यावर दुसरा प्रश्न, पैसे कोण देतंय? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, कारण वापरणारा आणि पैसे देणारा हे बऱ्याचदा वेगळे असतात आणि कधीकधी पैसे देणारा चक्क स्पर्धक असतो. याचं माझं आवडतं उदाहरण अॅपल आणि गूगल. आयफोनच्या सफारीत काहीही शोधलं की ते गूगलवर जातं, आणि ही जागा मिळावी म्हणून गूगल अॅपलला पैसे देते हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, किती ते माहीत नव्हतं. अमेरिकन सरकारने गूगलवर केलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात ते बाहेर आलं, २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर. सफारीतून होणाऱ्या सर्चच्या जाहिरात-कमाईतला ३६ टक्के वाटा. अॅपलच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला "गूगलकडून आलेले" अशी ओळ कुठेच सापडणार नाही, ते सर्व्हिसेस नावाच्या गठ्ठ्यात जातं, जो २०२२ मध्ये सुमारे ७८ अब्जांचा होता. म्हणजे चौथा हिस्सा. आणि या पैशासाठी अॅपलला ना फॅक्टरी लागते ना जहाज.

आता जरा थांबून यातून काय काय उलगडतं ते बघा. अॅपलने स्वतःचं सर्च इंजिन का नाही काढलं? काढलं तर आधी हे २० अब्ज सोडायचे आणि वर बांधायचा खर्च करायचा. मे २०२५ मध्ये अॅपलच्या सर्व्हिसेसचे प्रमुख एडी क्यू कोर्टात म्हणाले की सफारीतले सर्च पहिल्यांदाच कमी झाले, आणि त्या दिवशी अल्फाबेटचा शेअर ७ टक्क्यांहून जास्त पडला, का पडला ते आता सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं, सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षा काय ते सांगितलं तेव्हा एक्सक्लुझिव्ह करार बंद केले पण पैसे देण्यावर बंदी घातली नाही. ज्याला पैशाचा हा पाइप माहीत होता त्याला त्या निकालात सगळ्यात आधी काय शोधायचं ते माहीत होतं, बाकीचे गूगलला तिचा क्रोम ब्राउझर विकावा लागणार की नाही यावरच अडकले होते. म्हणून माझी दुसरी आवडती जागा म्हणजे कोर्टाचे कागद. कंपनी शेअरहोल्डरला जे सांगत नाही ते जजसमोर सांगावं लागतं.

मार्जिनबद्दल. ग्रॉस मार्जिन म्हणजे विकलेल्या वस्तूचा थेट खर्च वजा केल्यावर १०० मधले किती उरतात. अॅपलच्याच २०२४ च्या रिपोर्टमध्ये वस्तूंवर साधारण ३७ आणि सर्व्हिसेसवर ७४ असा आकडा आहे, तेव्हा फोनमध्ये सतत क्लाउड स्टोरेज घ्या, म्युझिक घ्या असं का येतं ते यातच आलं. प्रश्न असा विचारायचा की आणखी एक गिऱ्हाईक वाढलं तर कंपनीचा खर्च किती वाढतो? सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा जवळजवळ काहीच नाही. स्पॉटिफायचं तसं नाही, तिथे उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना जातो, दहापट लोक आले तरी तेवढाच वाटा जाणार. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सर्व्हिसला पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा दिसला तो २०२४ मध्ये. मग ती पॉडकास्टमागे का धावली, ऑडिओबुक का आणली, हे वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही, गाण्यांचा तो ठरलेला वाटा जिथे द्यावा लागत नाही असं काहीतरी ती शोधत होती.

एआयच्या बातम्यांना हाच प्रश्न लावा. इथे प्रत्येक उत्तराला चिप चालते, वीज लागते, म्हणजे "आणखी एक गिऱ्हाईक फुकटात" हा सॉफ्टवेअरचा जुना नियम इथे तितकासा लागू होत नाही. आणि तो खर्च दोन ठिकाणी लपतो. एक, डेटा सेंटर बांधायचा खर्च म्हणजे कॅपेक्स, अल्फाबेटचा २०२३ मध्ये ३२ अब्ज होता तो २०२४ मध्ये ५२ अब्जांच्या पुढे गेला. हा पैसा खिशातून आज जातो पण नफा-तोट्यात आज दिसत नाही, तो घसारा म्हणून वर्षावर्षाला थोडा थोडा दिसतो. म्हणून दुसरी जागा घसाऱ्याची, आणि तिथे खरी मजा आहे. ६० अब्जांचे सर्व्हर ६ वर्षं चालतील असं म्हटलं तर दरवर्षी १० अब्ज खर्च, ४ वर्षं म्हटलं तर १५ अब्ज. मशीन तेच, वीज तीच, पण एक आकडा बदलला की नफा ५ अब्जांनी हलतो. आणि हा आकडा कंपनी स्वतः ठरवते.

अल्फाबेटने २०२३ मध्ये सर्व्हरचं आयुष्य ४ वरून ६ वर्षं केलं, नेटवर्कच्या सामानाचंही वाढवलं, आणि त्या एका वर्षात घसारा ३.९ अब्ज डॉलरने कमी दिसला. मायक्रोसॉफ्टनेही त्याच सुमारास ४ चे ६ केले. अमेझॉन २०२४ मध्ये ५ वरून ६ वर गेली, आणि मग २०२५ पासून काही सर्व्हरसाठी परत ५ वर आली, कारण काय दिलं तर एआयमुळे तंत्रज्ञान फार वेगाने बदलतंय. त्याच वर्षी मेटाने मात्र आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं. तेच युग, तशाच चिप्स, आणि दोन कंपन्या विरुद्ध दिशेने गेल्या! यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, नियमात बसतं आणि रिपोर्टमध्ये उघड लिहिलेलं आहे. पण "नफा इतक्या टक्क्यांनी वाढला" ही बातमी वाचण्याआधी टेन-केमध्ये "युजफुल लाइफ" हे शब्द शोधून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

एआयच्या डीलबद्दल अजून एक, बातमीतले छोटे शब्द बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये चिप बनवणारी एनव्हिडिया चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये १०० अब्ज गुंतवणार अशी हेडलाइन आली, प्रत्यक्षात तेव्हा झालं होतं ते लेटर ऑफ इंटेंट म्हणजे इरादापत्र, आणि त्यात शब्द होता "१०० अब्जांपर्यंत", तेही डेटा सेंटरची क्षमता जसजशी उभी राहील तसतसं. "पर्यंत" या शब्दात शून्यही बसतं. आणि जो चिप विकतो तोच चिप घेणाऱ्याला पैसे देणार असेल तर ती विक्री बाहेरच्या मागणीतून आलेल्या विक्रीसारखीच धरायची का, हा प्रश्न विचारायलाच हवा. डॉटकॉमच्या काळात टेलिकॉमचं सामान विकणाऱ्या ल्युसंटने आपल्याच गिऱ्हाइकांना कर्ज देऊन माल खपवला होता, गिऱ्हाइकं बुडाली तेव्हा विक्रीही गेली आणि दिलेलं कर्जही. यावेळी तसंच होईल असं नाही, पण पैसा गोल फिरतोय का ते बाण काढून बघायचं, कागदावर तीन कंपन्यांची नावं लिहा आणि पैसा कुठून कुठे जातो त्याचे बाण काढा, चित्र बोलतं.

आता भाववाढ आणि लायसन्सचे बदल, हा विषय मला सगळ्यात जवळचा. आमची टीम एकदा एका टूलवर पूर्ण अवलंबून होती, नाव घेत नाही, आणि एका सकाळी ईमेल आला की जुना प्लॅन बंद, नवा प्लॅन कितीतरी महाग, मुदत दोन महिने. आम्ही त्या दोन महिन्यांत रात्री जागून दुसरीकडे गेलो, दोन चांगली माणसं त्या धावपळीत थकून सोडून गेली. नंतर मी त्या कंपनीचे जुने कागद काढून वाचले तेव्हा कळलं की हे होणार हे तिथे वर्षभर आधीच जवळजवळ सरळ लिहिलं होतं. तेव्हापासून मी हे वाचायला लागलो.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सांगतो. मे २०२२ मध्ये चिप आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ६१ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, वर ८ अब्जांचं कर्जही अंगावर घेतलं. त्या जाहीर घोषणेतच होतं की डील पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत व्हीएमवेअरकडून साधारण ८.५ अब्ज डॉलरचा इबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसाऱ्याच्या आधीचा नफा, येईल. तो आकडा व्हीएमवेअरच्या तेव्हाच्या पातळीच्या बराच वर होता. आता तुम्ही व्हीएमवेअरचे गिऱ्हाईक आहात असं समजा आणि विचार करा, जुनी स्थिरावलेली कंपनी, गिऱ्हाइकं एकदम दुप्पट होणार नाहीत, मग हा जास्तीचा नफा येणार कुठून? एकतर खर्च कापून, नाहीतर आहे त्याच गिऱ्हाइकांकडून जास्त घेऊन. डील पूर्ण झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि डिसेंबरमध्येच कायमची लायसन्स विकणं बंद, सगळं सबस्क्रिप्शन. ज्याने २०२२ ची घोषणा वाचली त्याच्या हातात दीड वर्ष होतं.

म्हणून तुमचं काम ज्या कंपनीवर अवलंबून आहे तिच्याबाबत हे तपासत राहा: ती कोणी विकत घेतलीय का, घेताना कर्ज किती काढलंय, आणि गुंतवणूकदारांना काय कबूल केलंय. आणि उलट बाजूने स्वतःला विचारा की इथून बाहेर पडायला मला किती दिवस आणि किती माणसं लागतील, कारण बहुतेक वेळा भाव त्याच आकड्याच्या जवळपास जाऊन थांबतो. सुरुवातीला फुकट किंवा स्वस्त देऊन नंतर हे होतं त्याला आपल्याकडे फार नेमका शब्दप्रयोग आहे, आवळा देऊन कोहळा काढणे. ओपन सोर्समध्येही, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्येही, होतं हे. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या क्लाउड सांभाळायच्या टूलचं लायसन्स बदललं, लोकांनी जुना खुला कोड घेऊन ओपनटोफू हा वेगळा फाटा, म्हणजे फोर्क, काढला. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बदललं, त्यातून व्हॅल्की निघालं. दोन्हीकडे कारण साधारण सारखंच, कोड आम्ही लिहायचा आणि त्यावर कमाई दुसऱ्यांनी करायची हे कंपनीला नको होतं. फोर्क निघू शकतो की नाही हेच गिऱ्हाइकाचं खरं बळ, व्हीएमवेअरच्या गिऱ्हाइकाकडे ते नव्हतं. गेम बनवायचं इंजिन विकणाऱ्या युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं आणि वर्षभरात ते मागे घ्यावं लागलं, कारण गेम बनवणारे पुढचा गेम दुसऱ्या इंजिनवर बनवू शकत होते.

यानंतर मी बघतो ती गोष्ट जरा वेगळी आहे, कंपनीने कुठला आकडा द्यायचा बंद केला? दिलेल्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं. अॅपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितलं की यापुढे किती आयफोन विकले ते सांगणार नाही. ट्विटरने २०१९ मध्ये महिन्याचे युजर सांगणं थांबवलं आणि स्वतःच ठरवलेलं नवं माप आणलं. नेटफ्लिक्सने २०२५ पासून तिमाहीला सबस्क्रायबर सांगणं बंद केलं, ३० कोटींचा टप्पा ओलांडल्यावर. याचा अर्थ दरवेळी वाईटच असतो असं नाही. अॅपलचा अर्थ होता की फोनची संख्या आता फार वाढणार नाही, एका माणसाकडून जास्त कमाई हाच पुढचा रस्ता, आणि तो खराच ठरला. पण आकडा बंद होणं म्हणजे कंपनीच्या वाढीची गोष्ट बदलतेय याची खूण, तेवढं नक्की.

आणि नवं माप आलं तर जास्तच सावध. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने २०१८ मध्ये कर्ज उभारताना "कम्युनिटी अॅडजस्टेड इबिटडा" असं एक माप काढलं, त्यात मार्केटिंग, ऑफिसचा प्रशासकीय खर्च वगैरे धरायचेच नाहीत, आणि २०१७ चा ९३.३ कोटी डॉलरचा तोटा त्या मापाने २३.३ कोटी डॉलरचा फायदा झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. "अॅडजस्टेड" शब्द दिसला की खाली एक टेबल असतंच ज्यात काय काय वगळलं ते लिहिलेलं असतं, ते वाचा, आणि त्यात पगाराऐवजी दिलेले शेअर किती आहेत ते खास बघा, कारण तो खर्चच आहे, फक्त चेकने न देता शेअरहोल्डरच्या वाट्यातून दिलेला.

विकत घेण्याच्या बातम्यांवर थोडक्यात. जाहीर झालं म्हणजे झालं नाही. अडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये डिझाइनचं टूल बनवणारी फिग्मा २० अब्जांना घ्यायचं ठरवलं, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी अडवलं, डिसेंबर २०२३ मध्ये डील मोडली आणि अडोबीने फिग्माला १ अब्ज डॉलर मोडल्याचे म्हणून दिले. एनव्हिडिया आणि चिपची डिझाइनं विकणाऱ्या आर्मचं ४० अब्जांचं पण असंच मोडलं. करारात ही मोडण्याची रक्कम किती आहे ते एट-केमध्ये असतं, ती मोठी असेल तर समजा की दोघांनाही अडथळ्याचा अंदाज आधीपासून होता.

खाजगी कंपन्यांचं अवघड, कारण कागदच नसतात. तिथे एवढंच लक्षात ठेवा की व्हॅल्युएशन म्हणजे बँकेतला पैसा नाही. कोणी १० कोटी डॉलर देऊन १० टक्के हिस्सा घेतला की बातमी येते "१०० कोटींची कंपनी", पण हातात आलेत १० कोटीच. शिवाय बऱ्याचदा त्या गुंतवणूकदाराला कंपनी विकली तर आधी माझे पैसे असा हक्क असतो, तेव्हा उरलेल्यांच्या शेअरची किंमत त्या हिशोबाने निघत नाही. आणि "वर्षाला इतकी कमाई" असं लिहिलं असेल तर ती झालेली कमाई आहे की एका चांगल्या महिन्याला १२ ने गुणलंय ते बघा.

हे सगळं प्रत्येक बातमीला करायची गरज नाही. मी तीन-चार कंपन्या धरल्यात, ज्यांच्यावर माझं काम चालतं. प्रत्येकीचं एक पान, त्यावर सेगमेंटचं टेबल, कॅपेक्स, सर्व्हरचं आयुष्य, आणि बातमी आली की माझा एका ओळीचा अंदाज तारखेसकट. दोन तिमाही गेल्या की उघडून बघतो बरोबर आलं का. चुकलं की का चुकलं ते शेजारी लिहितो, खोडत नाही. यातूनच खरं शिकायला मिळतं.

आणि वर्षातून एकदा मी एक काम करतो जे कुणी फारसं करत नाही. टेन-केमध्ये स्पर्धा आणि रिस्क फॅक्टर्स असे भाग असतात, बहुतेक लोक ते वकिली मजकूर म्हणून सोडून देतात, आणि बराचसा असतोही तसा, दरवर्षी तोच. म्हणूनच गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा मजकूर घेऊन टेक्स्टची तुलना करणाऱ्या कुठल्याही साध्या टूलमध्ये टाकायचा, जुनं सगळं राखाडी राहतं आणि नवीन वाक्यं रंगीत होऊन वर येतात. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक रिपोर्टमध्ये स्पर्धकांच्या यादीत एक नवीन नाव आलं होतं, ओपनएआय. ज्या कंपनीत मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून अब्जावधी डॉलर घातले होते तीच.